एकशे अठ्ठावीस टाक्यांचं दुपटं

दुपट्याला एकशे अठ्ठावीस टाके घालायचे होते आणि मी एकशे अठ्ठावीसच घातले होते. बायको समोर बसली होती, तिनेही मोजले. दुपटं संपलं तेव्हा सुईवर तीनशे सत्तर टाके होते. मधल्या दोनशे बेचाळीस टाक्यांबद्दल आमच्या इमारतीत निरनिराळ्या कथा आहेत. लोकर भिजून फुगली, मला एकाचे दोन दिसतात, निवृत्तीनंतर पुरुषांचं असंच होतं, वगैरे. यातली एकही खरी नाही. खरी हकिकत माझ्या बाजूने जास्त वाईट आहे, म्हणून ती मीच सांगितलेली बरी.

मी चौतीस वर्षं एका वर्तमानपत्रात उपसंपादक होतो. उपसंपादक म्हणजे दुसऱ्याने लिहिलेलं कमी करणारा माणूस. लोक बातमीदाराला ओळखतात, संपादकाला नमस्कार करतात, आणि या दोघांच्या मजकुरातून 'अत्यंत', 'खरोखर' आणि 'या ठिकाणी' रोज संध्याकाळी कोण काढतो ते कुणालाच माहीत नसतं. माझी त्याबद्दल तक्रार नाही. थोडी आहे.

मुलीला सातवा महिना लागला तेव्हा ती एका रविवारी जेवायला आली होती. हात धुऊन खुर्चीत टेकली आणि म्हणाली, "बाबा, या वेळी वेळेत या."

या वाक्यातल्या 'या वेळी'चा खुलासा एवढाच, की तिच्या जन्माच्या दिवशी मी अकरा तास उशिरा पोचलो होतो, कारण पहिलं पान बदलावं लागलं होतं. त्या पानावर काय होतं ते आज कुणालाही आठवत नाही. मलासुद्धा नाही. अकरा तास मात्र आमच्या घरात सगळ्यांना आठवतात. जावयालाही, जो त्या वेळी तीन वर्षांचा होता.

मला ते लागलं. लागलं की माणूस गरजेपेक्षा जास्त बोलतो. "वेळेत तर येईनच," मी म्हणालो, "आणि रिकाम्या हातानं येणार नाही. बाळाला गुंडाळायला स्वतः विणलेलं दुपटं घेऊन येईन."

बायको पाण्याचा तांब्या घेऊन चालली होती, ती थांबली. "यातलं कुठलं तरी एक ठरवा," ती म्हणाली. "दोन्ही झेपायचं नाही."

मला विणता येतं हे इथे नमूद करायला हवं. शाळेत हस्तकलेला विणकाम घेतलं होतं आणि त्यात माझा वर्गात दुसरा नंबर आला होता. वर्गात विणकाम घेणारे आम्ही दोघेच होतो ही माहिती बायको दर वेळी पुरवते. ती खरी आहे, पण इथे अप्रस्तुत आहे.

नमुना मिळाला तो आमच्याच वर्तमानपत्राच्या जुन्या फायलींत. साठ वर्षांपूर्वीच्या महिलांच्या पानावर, डोकेदुखीवरच्या घरगुती उपायाच्या खाली: 'चहाच्या मेजासाठी नाजूक जाळीचा रुमाल.' चित्र छापताना शाई पसरली होती, त्यामुळे तो रुमाल कमी आणि जखमेवरची पट्टी जास्त वाटत होता. पण पानांची नक्षी सुरेख होती, एकीतून दुसरी निघत वर चढत जाणारी. मनात म्हटलं, हेच. बारीक सुताऐवजी जाड मऊ लोकर, दोन मिलिमीटरच्या सुईऐवजी आठ मिलिमीटरची, नक्षीच्या वीस पट्ट्यांऐवजी आठ. सोळा टाक्यांची एक पट्टी, आठ पट्ट्या, एकशे अठ्ठावीस टाके. मेजाचा रुमाल बाळाचं दुपटं होणार. हिशेब बिनचूक होता. अजूनही आहे.

कागद इतका जुना, की हात लावला की कोपरा गळायचा. ग्रंथपालाने फाईल बाहेर न्यायला नकार दिला, तेव्हा मी नमुना तिथेच बसून वहीत उतरवला. घरी आल्यावर वाचला आणि माझ्यातल्या उपसंपादकाला राहवेना.

असला गलथान मजकूर मी आयुष्यात पाहिला नव्हता. 'दर ओळीनंतर टाके मोजून पाहावेत' हे वाक्य प्रत्येक ओळीखाली होतं. एकूण अठरा वेळा. वाचक काय मूर्ख आहे? मी सतरा वेळा खोडलं आणि मग, एकट्याच राहिलेल्या वाक्याचा जीव गुदमरू नये म्हणून, अठरावंही खोडलं. 'सर्व टाके उलट' हे आठ ठिकाणी होतं, ते एकदाच वर घेतलं. आणि आठव्या ओळीत तर कहर होता: 'दोन टाके एकत्र' हे शब्द एकाच वाक्यात दोनदा, एकदा नक्षीतल्या पानाच्या डावीकडे, एकदा उजवीकडे. एका वाक्यात तीच कृती दोनदा आली की माझा हात आपोआप लाल पेन्सिलीकडे जातो. चौतीस वर्षांची सवय आहे. एक ठेवलं, एक कापलं. चारशे वीस शब्दांचा मजकूर दोनशे साठ शब्दांवर आणला, स्वच्छ कागदावर लिहिला आणि बायकोला वाचून दाखवला.

"कळतंय आता?" मी विचारलं.

"मला आधीचंही कळलं असतं," ती म्हणाली आणि आत गेली.

पहिले पंधरा दिवस सुखाचे गेले. लोकर पिवळट पांढरी, सायीच्या रंगाची. दुकानातल्या बाईंनी बजावलं होतं, की रंगाची खेप एकच हवी, प्रत्येक गुंड्यावरचा आकडा जुळला पाहिजे, नाहीतर एक पट्टा वेगळा दिसतो. मी आकडे जुळवले. दुकानाच्या मापाप्रमाणे दुपट्याला सहा गुंडे पुरेसे होते. मी सात घेतले. सकाळी चहानंतर दोन तास, दुपारी दोन तास. खिडकीशी बसून टाक्यावर टाका चढत होता आणि मला वाटत होतं, की इतकी वर्षं आपण शब्द कमी करण्यात फुकट घालवली, माणसाने काहीतरी वाढवावं.

ते वाढतच होतं.

पहिल्यांदा लक्षात आलं ते आमच्या खालच्या मजल्यावरच्या इंजिनिअरसाहेबांच्या. हे गृहस्थ विजेच्या कंपनीतून निवृत्त झाले आहेत आणि तेव्हापासून इमारतीतल्या प्रत्येक वस्तूत सुधारणा करतात. जिन्यातला दिवा आता टाळी वाजवली की विझतो. लावायचा कसा ते अजून ठरायचं आहे. ते वर्तमानपत्र मागायला आले आणि माझ्यासमोर उभे राहिले.

"टाके सुईवरून घसरतायत तुमचे," ते म्हणाले.

"जाड लोकर आहे. दाटी होते."

"सुई लांब करू आपण."

'आपण' म्हणाले म्हणजे आता सुटका नाही. दोन दिवसांनी ते माझ्या दोन्ही सुया एका जाड प्लॅस्टिकच्या नळीने जोडून घेऊन आले. साधन अप्रतिम होतं. दोष एकच, नळीला गुंडाळी होऊन पडून राहायची सवय होती आणि ती संधी मिळताच सरळ व्हायची. पहिल्याच दिवशी तिने टेबलावरचा कप उडवला. अशी जोडसुई दुकानात सरळ विकत मिळते हे मला नंतर कळलं. त्यांना मी ते अजून सांगितलेलं नाही.

सातवा गुंडा संपला तेव्हा दुपटं अर्ध्याच्या जरा पुढे होतं. मी दुकानाला दोष दिला. माझ्याकडे कागद होता, कागदावर हिशेब होता आणि तो बरोबर होता. तेव्हा गुंडेच हलके असणार. दुकानात त्या खेपेची लोकर संपली होती. बाईंनी गिरणीला कळवलं आणि गिरणीने आठ गुंडे पार्सलने पाठवले. ते पार्सल आमच्या भागातल्या पार्सल कार्यालयात येऊन अडकलं.

यात कार्यालयाचा दोष नाही. पार्सल सोडवायच्या अर्जात सातवा रकाना होता: 'पार्सलमधील वस्तू प्राणिजन्य आहे काय?' कुठलाही समजूतदार माणूस इथे 'नाही' लिहितो आणि घरी जातो. पण लोकर मेंढीपासून होते. छापील प्रश्नाला खोटं उत्तर देणं मला जमत नाही. मी 'होय' लिहिलं आणि मला खिडकी क्रमांक नऊवर पाठवण्यात आलं.

खिडकीतल्या कारकुनाने अर्ज दोनदा वाचला. "प्राणी जिवंत आहे?"

"प्राणी पार्सलमध्ये नाही. लोकर आहे."

"पण प्राणी आहे ना?"

"असेल. लोकर कापून घेतात आणि मेंढीला सोडून देतात."

"कुठे सोडलंय?"

"ते मला कसं ठाऊक असणार?"

त्यांनी शांतपणे शेऱ्याच्या जागी लिहिलं: 'प्राण्याचा ठावठिकाणा अर्जदारास माहीत नाही.' मी उलट बाजूने वाचलं. वाक्य निर्दोष होतं. त्यातला एकही शब्द मला कमी करता आला नसता. मनातल्या मनात मी त्या माणसाला मानलं.

पुढचं पाऊल म्हणजे पशुवैद्याचा दाखला. आमच्या चौकात पशुवैद्य आहेत. त्यांच्याकडे एक कुत्रा, दोन मांजरं आणि मी असे रांगेत बसलो. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तपासल्याशिवाय दाखला देता येत नाही हो. तुम्ही तिला घेऊन या." मी म्हटलं, "ती म्हणजे मेंढी?" तर म्हणाले, "तुम्हीच म्हणालात मेंढी."

असे तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी बायकोने विचारलं, "तो कोरा अर्ज कुठे मिळतो?" ती अकरा वाजता गेली आणि सव्वाअकराला पार्सल आणि कोथिंबीर घेऊन परत आली.

"काय लिहिलंस?"

"दोरे."

"पण सातव्या रकान्यात?"

"अहो, सातवा रकाना मी वाचलाच नाही," ती म्हणाली. "चष्मा घरी राहिला होता."

काम पुन्हा सुरू झालं. पण आता दुपट्याची कड विचित्र वागायला लागली होती. ती सपाट बसेना. लाटा यायच्या. एक लाट दाबली की शेजारी दुसरी उठायची. जोडसुईची नळी भरली. मांडीवरचा पसारा बाजूच्या खुर्चीवर गेला आणि पुढे त्याला एक स्टूल द्यावं लागलं. बायको म्हणाली, "पाहुणा आलाय असं वाटतं." मुलीने फोनवर विचारलं, "बाबा, कुठवर आलं?" मी म्हणालो, "लांबी जवळजवळ पूर्ण झाली." रुंदीबद्दल तिने विचारलं नव्हतं. विचारलेल्या प्रश्नाचं मी बरोबर उत्तर दिलं होतं.

तेव्हा तिला दिवस भरायला तीन आठवडे होते.

शेवटी वरच्या मजल्यावरच्या गणिताच्या बाई आल्या. पस्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलेलं, आणि विणकामात आमच्या गल्लीत त्यांच्या शब्दापुढे कुणी जात नाही. त्या वाटी परत द्यायला आल्या होत्या. दारातूनच त्यांनी दुपट्याकडे पाहिलं, वाटी टेबलावर ठेवली, खाली बसल्या आणि टाके मोजायला लागल्या. पन्नासाच्या पुढे मला बसवेना.

"तीनशे एकोणपन्नास," त्या म्हणाल्या. "घातले किती होते?"

मी आकडा सांगितला.

"आणि हे केव्हापासून?"

"केव्हापासून म्हणजे?"

"मोजले नाहीत?"

"मोजा असं लिहिलेलं नव्हतं," मी म्हणालो. हे वाक्य तोंडातून बाहेर पडत असतानाच मला माझी लाल पेन्सिल आठवली.

त्यांनी माझा स्वच्छ कागद घेतला. आठव्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं. "जाळीसाठी सुईवर दोरा घेता तेव्हा एक टाका वाढतो. इथे दोनदा घेतलाय. दोन वाढले. कमी करायला दोन टाके एकत्र विणायचे, ते एकदाच आहे. एक कमी झाला. म्हणजे दर सोळा टाक्यांना एक जास्त. एकशे अठ्ठावीसचे एकशे छत्तीस, मग एकशे चव्वेचाळीस, मग एकशे त्रेपन्न." त्यांनी चष्मा काढला. "नमुना कुणी छापलाय हा? माणूस अगदीच बेजबाबदार दिसतो."

मी म्हणालो, की जुना आहे, छापण्यात चूक झाली असेल.

आता हे खोटं होतं हे मला तेव्हा पूर्ण माहीत होतं असं नाही. पन्नास टक्के माहीत होतं. दुसऱ्या दिवशी मी वर्तमानपत्राच्या कार्यालयात जाऊन फाईल पुन्हा काढली. आठवी ओळ पाहिली. 'दोन टाके एकत्र' दोन वेळा होतं. मग, माणसाला आशा असते म्हणून, पुढच्या आठवड्याचा अंक काढला आणि चूकदुरुस्ती शोधली. नव्हती. त्याच्या पुढच्याही आठवड्यात नव्हती. साठ वर्षांपूर्वी कुणीतरी तो नमुना शब्दन् शब्द बरोबर लिहिला होता, कुणीतरी बरोबर जुळवला होता, आणि माझ्या जागेवर बसणाऱ्या कुणीतरी त्याला हात लावला नव्हता. त्या अनाम उपसंपादकाबद्दल मला फार वेळ वाईट वाटत राहिलं. म्हणजे स्वतःबद्दल.

घरी येऊन मी कबूल केलं. श्रोत्यांत बायको, बाई आणि इंजिनिअरसाहेब होते, कारण तिघेही निकालासाठी थांबले होते.

"उसवा," बाई म्हणाल्या. "पहिल्या आठव्या ओळीपर्यंत."

"म्हणजे सगळंच," मी म्हणालो.

"उसवू नका," इंजिनिअरसाहेब म्हणाले. "जास्तीचा भाग दुमडून आत टाचू आपण. मी एक क्लिप बनवतो."

"तुम्ही काही बनवू नका," बाई म्हणाल्या.

मी हिशेब केला. उसवून पुन्हा विणायला सात आठवडे. हातात तीन, त्यातला एक बाळाने घेतला तर दोन. म्हणजे उसवलं तर वेळेत काही नाही, आणि न उसवलं तर वेळेत हे. मी दुपटं जमिनीवर पसरलं. खालची कड दोन हात, वरची सहा हात, आणि मधली पानांची नक्षी खालून वर पसरत गेलेली. पंखा उघडावा तसं ते खोलीच्या या भिंतीपासून त्या दारापर्यंत पडलं होतं.

बायको खाली वाकली, तिने कडेची एक लाट हातात घेतली आणि सोडली. "राहू दे," ती म्हणाली. "मूल वाढणारच आहे. दुपटं आधी वाढलं, एवढंच."

"मग निदान इथून पुढे तरी आठवी ओळ बरोबर विणा," बाई म्हणाल्या.

पण त्याला मी तयार नव्हतो. आता दुरुस्त केली असती तर शेवटचा पट्टा निराळा दिसला असता. वर्तमानपत्रात आमचा एक नियम होता: चूक सगळीकडे सारखी असली की तिला शैली म्हणायचं. मी आणखी एकदा आठवी ओळ चुकीचीच विणली. तीनशे सत्तर.

फक्त टाके बंद करायचे राहिले होते. एक टाका विणायचा, आधीचा त्याच्यावरून काढायचा, की वरची कड पक्की होते आणि सुई मोकळी. तीनशे सत्तर वेळा. मी त्यासाठी दोन सकाळी राखून ठेवल्या होत्या. त्यातल्या पहिल्या सकाळी सहा वाजता जावयाचा फोन आला. दिवस भरायला अजून पंधरा दिवस होते, पण हे बाळाला कुणी सांगितलेलं नव्हतं.

सात वाजता मी हॉस्पिटलात होतो. मुलगी आत जायची होती. चाकाच्या खुर्चीतून तिने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या काखेतल्या बोचक्याकडे, आणि तिला हसू आलं तेवढ्यात कळ आली. ती आत गेली, तिच्याबरोबर बायको गेली, आणि बाकावर मी आणि जावई राहिलो. त्याला येरझाऱ्या घालून घालून घाम फुटला होता.

"बाबा, मी काहीतरी करू का?"

मी त्याला गुंडा दिला. "हा धरून बसा. ताण पडला की थोडा दोरा सोडायचा."

इतका मन लावून गुंडा धरलेला माणूस मी पाहिलेला नाही. दोन्ही हातांच्या ओंजळीत, मान सांभाळून. मी टाके बंद करत होतो. पन्नास. शंभर. समोरच्या बाकावरच्या एक आजी माझ्याकडे बघून सुनेला म्हणाल्या, "बघ, मुलीचा बाप असून." सुनेने आपल्या नवऱ्याकडे पाहिलं. तो मोबाईलमध्ये होता. त्याने माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती मी विसरणार नाही. दीडशे. एकशे ऐंशी. आतून काही आवाज येत नव्हता आणि माझे हात चालत होते म्हणून बरं होतं.

दोनशे अकराव्या टाक्याला दार उघडलं.

"मुलगी झाली," नर्स म्हणाली. "दोघी छान आहेत. या."

जावई गुंडा टाकून पळाला. तसंच व्हायला हवं होतं. मी उठलो तेव्हा एकशे एकोणसाठ टाके उघडे होते. बसून राहिलं नाही तर ते गळतील हे मला माहीत होतं. मी बसून राहिलो नाही. दुपटं छातीशी धरून निघालो. मागे गुंडा बाकाखालून निघाला, कॉरिडॉरमध्ये आला, औषधांच्या गाडीच्या चाकात शिरला, आणि मी दारापाशी पोचतोय तोच दोरा ताणून मला मागे ओढायला लागला. गाडीवाली बाई एकीकडे, मी दुसरीकडे. नर्सने खिशातली कात्री काढली, दोरा कापला आणि माझ्या हातातल्या वस्तूकडे पाहिलं.

"हे काय आहे?"

"दुपटं."

"सगळं?"

आत मुलगी उशीला टेकून होती, कपाळाला केस चिकटलेले. तिच्या कुशीत एक लालबुंद, सुरकुतलेली, जगावर नाराज असलेली व्यक्ती होती. मुलीने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"किती वाजता आलात, बाबा?"

"सातला."

"आणि ही झाली बारा दहाला." तिने मनाशी वजाबाकी केली. "म्हणजे पाच तास आधी. सहा राहिले."

पाच तास दहा मिनिटं, ही दुरुस्ती ओठांवर आली होती. मी ती गिळली. डोळ्यांत पाणी असताना माणसाने दुरुस्त्या सुचवू नयेत.

गळालेले टाके बाईंनी दुसऱ्या दिवशी येऊन उचलून दिले. "बेजबाबदार," त्या पुटपुटल्या. कोण, ते बोलल्या नाहीत. संध्याकाळपर्यंत मी उरलेली कड बंद केली आणि तिसऱ्या दिवशी दुपारी, घरी सोडायच्या वेळी, दुपटं घेऊन वॉर्डात हजर झालो. तीच नर्स होती. तिने दुपटं हातात घेतलं, वजन बघून दचकली आणि कुतूहल म्हणून बाळाच्या काट्यावर ठेवलं. बाळ दोन किलो आठशे. दुपटं एक किलो चारशे. मग तिने नक्षीतल्या एका पानात बोट घातलं. बोट पलीकडून बाहेर आलं.

"भोकं आहेत," ती म्हणाली.

"जाळी आहे."

"तेच. तान्ह्या बाळाची बोटं अडकतात यात. याच्यात गुंडाळू देता येणार नाही मला." ती कठोर नव्हती. "फार सुंदर आहे पण, आजोबा. मोठी झाली की घ्या."

ती बरोबर होती. नमुना मेजासाठी होता. मेजाला बोटं नसतात. रुमालाचं दुपटं करताना मी लोकर बदलली, सुई बदलली, भाषा बदलली, आणि ज्याच्यासाठी करतोय त्याच्या हाताकडे एकदाही पाहिलं नाही. बायकोने पिशवीतून एक साधं, मऊ, चौकोनी फडकं काढलं. ते तिने कधी शिवलं होतं देव जाणे. बाळ त्यात दोन घड्यांत बसलं.

गाडीत बाळ, बाळाची आई, बाळाचा बाप, माझी बायको, चार पिशव्या आणि दुपटं. दुपट्याला मागची अर्धी सीट लागली. मला जागा उरली नाही. "तुम्ही औषधं घेऊन या चालत," बायको म्हणाली, आणि खिडकीतून सायीच्या रंगाची एक लाट बाहेर राहिली होती ती आत ओढून तिने काच वर केली.

मी औषधाच्या दुकानात गेलो. दुकानदाराने चिठ्ठी वाचून "अभिनंदन" म्हटलं. पुढे चौकात पशुवैद्य दारात उभे होते, त्यांनी विचारलं, "मेंढीचं काय झालं?" मी सांगितलं, मुलगी झाली. ते थोडे गोंधळले, पण त्यांनीही अभिनंदन केलं. एकूण घरी पोचायला मला पाऊण तास लागला आणि त्या पाऊण तासात, एक किलो चारशे ग्रॅम अपयश कपाटाच्या कुठल्या खणात मावेल, याचा मी विचार करत होतो.

दार उघडंच होतं. बायको तोंडावर बोट ठेवून बाहेर आली आणि मला आतल्या खोलीच्या दारापर्यंत घेऊन गेली.

बाळ पाळण्यात, फडक्यात, जागं होतं आणि छताकडे बघत होतं. माझी मुलगी पलंगावर कुशीवर झोपली होती. जावई जमिनीवर, भिंतीला टेकून, तोंड उघडं टाकून झोपला होता. आणि दुपटं तिच्या अंगावर होतं. सहा हातांची बाजू खांद्यापासून पायापर्यंत, एकही टोक बाहेर न राहता. लाटा गळ्याशी, पाठीशी, पावलांशी आपापल्या जागी बसलेल्या. पानं एकीतून दुसरी निघत तिच्या कमरेवरून चढत गेली होती. ती श्वास घेई तशी वरखाली होत होती.

"गाडीतच अंगावर ओढून घेतलं," बायको हळू आवाजात म्हणाली. "घरी आल्यावर मी घडी घालायला घेतलं तर सोडेना." तिने थोडा वेळ पाहिलं. "बसलं की हो मापात."

औषधांची पिशवी मी अजून हातातच धरली होती. ती तिने काढून घेतली.

"उठली की बाबा कुठे म्हणून विचारेल," ती म्हणाली. "आत्ता कुठे जायचंय का तुम्हाला?"

मी पलंगाशेजारी खुर्ची घेतली, आवाज न करता, आणि बसलो. ती साडेपाचला उठली. मी तिथेच होतो.